ज्याचा ऊस उभा

शेजारच्या ऊसवाल्याला विचारल्याशिवाय पाचटाला, म्हणजे तोडीनंतर रानात उरलेल्या वाळक्या पाल्याला, काडी लावायची नाही, हा राहुरीच्या कालव्याखालच्या गावांतला जुना रिवाज आहे. कुठे लिहिलेला नाही, पण भांडकुदळ माणूससुद्धा तो पाळतो. ज्याचा ऊस उभा, त्याचा शब्द. ज्याची तोड होऊन रान मोकळं झालं, त्याने आपलं पाचट घेऊन गप बसायचं, शेजारी हो म्हणेपर्यंत.

रेश्माला हे लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणून तर ती शेजारच्या ऊसवाल्याच्या, गहिनीनाथबाबांच्या, दारात एकटी गेली. तिचे चुलते अजिनाथ, म्हणजे तात्या, आणि बाबा यांचं बांधावरून फाटलेलं होतं. समोरून आले तर दोघे चपलांकडे बघत जायचे. "मी न्हाई जायाचो," तात्या म्हणाले होते. "गरज तुला हाय, तू जा."

गरज होतीच. रेश्मा नगरच्या कॉलेजात मीडियाच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि तिच्या वर्गातल्या करणचा 'खपली' नावाचा बँड होता. नागापूरला एमआयडीसीतल्या एका बंद शेडमध्ये तिघं पोरं वाजवायची. लग्नात चालणार नाहीत आणि गणपतीतही चालणार नाहीत अशी गाणी. त्यांच्या पहिल्या गाण्याचा व्हिडिओ रेश्माने अंगावर घेतला होता. शेवटच्या कडव्याला मागे जाळ हवा, हे तिचंच म्हणणं. कॉम्प्युटरवरचा खोटा जाळ तिला नको होता. मार्च सरत आला होता, आसपासची रानं जळून काळी झाली होती. एक तात्यांचंच रान तेवढं तिच्या हट्टापायी पाचटासकट पडून होतं. एकच रान, एकदाच जळणार.

गहिनीनाथबाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"जाळ कशाला पायजे? बल्ब लावून गाता येत न्हाई व्हय?"

"तसं नाही दिसत बाबा."

"आसं." ते पायरीवरून उठले. "जाळा. पन मी बांधावर असनार. मी हो म्हनल्याबिगर काडी न्हाई."

"नाही लावणार."

"शबूद?"

"शब्द," रेश्मा म्हणाली.

*

पाचट जाळायची एक रीत असते. सांजेचा वारा पश्चिमेकडून येतो आणि बाबांचा ऊस पूर्वेला. तेव्हा आधी पूर्वेचा, उसालगतचा पट्टा वाऱ्याच्या उलट जाळून घ्यायचा. हा जाळ ठेंगणा असतो, रांगत जातो. पट्टा चांगला रुंद काळा झाला, की मग पश्चिमेच्या टोकाला चूड, म्हणजे पाचटाची पेटती जुडी, लावायची. तिथून जाळ वाऱ्याबरोबर पुरुषभर उंच होऊन धावत येतो आणि काळ्या पट्ट्यापाशी खायला काही न मिळाल्याने मरतो.

रेश्माचा शॉट याच रीतीवर बेतलेला होता. बँड काळ्या पट्ट्यावर उभा राहणार, पश्चिमेला पाठ करून. त्यांच्या पाठीमागून जाळ धावत येणार, जाळाच्या मागे मावळता सूर्य. कॅमेरा बँडच्या समोर, उसाकडे पाठ करून.

कॅमेरा गोरक्षचा. मिरजगावात त्याच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ, त्यामुळे त्याने शंभर लग्नं शूट केली होती आणि त्याला घाईची सवय होती. हा शॉट संथ दिसायला हवा होता, म्हणून कॅमेरा दुप्पट वेगाने चालवायचा होता आणि गाणंही दुप्पट वेगाने वाजवायचं होतं. पोरांनी त्याच वेगाने ओठ आणि हात हलवायचे, मग नंतर सगळं संथ केलं की ओठ बरोबर जुळतात. टेम्पोत जनरेटर आणि डीजेचा एक मोठा बॉक्स आणला होता. त्यातून करणचा आवाज दुप्पट वेगाने निघाला तेव्हा बांधावर बसलेले बाबा म्हणाले, "कोंबड्या पकडायला लागलाय का काय?"

ड्रमवाला राम हसत सुटला. "बाबा, आम्हाला असंच वाजवावं लागतंय. हात मोडायची पाळी आलीय."

"मोडू दे. दुसरा काय उपेग हाय त्येंचा."

पोरं खूश झाली. रेश्मालाही जरा हायसं वाटलं.

बाबांनी रेश्माला खूण केली, तसा उसालगतचा पट्टा तात्यांनी स्वतः पेटवून दिला. जाळ रांगायला लागला, तसं त्यांनी दुधाचे कॅन मोटारसायकलला अडकवले. डेअरी बंद व्हायच्या आत दूध घालायचं होतं. "पट्टा होऊ द्या नीट," ते रेश्माला म्हणाले. मग बांधाकडे न बघता, पण बांधाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आनि त्याचं ऐका."

*

पट्टा होईना. त्या बाजूला कालव्याचा पाझर होता, खालचं पाचट ओलसर होतं. ते नुसतं धुमसत होतं. चार सऱ्या काळ्या झाल्या, सहा झाल्या. धुराने पोरांचे डोळे लाल झाले. पाठीवरचे दोन फवारणी पंप पाण्याने भरून ठेवले होते, ते रेश्माने बँडच्या दोन्ही बाजूंना उभ्या केलेल्या पोरांना दिले. पाठीमागून येणाऱ्या जाळाची भीती बँडला होती, म्हणून पंप तिथेच हवेत असं सगळ्यांना वाटलं.

सूर्य खाली येत होता. पश्चिमेच्या बांधावर चिंचेचं झाड होतं. त्याच्या आड सूर्य गेला की संपलं.

"रेश्मा," गोरक्ष म्हणाला. "पट्टा बास आहे."

तिने बाबांकडे पाहिलं. ते बांधावरून उतरले, काळ्या पट्ट्यावर चालत आले, एका ठिकाणी वाकले आणि राखेत हात घालून खालचं पाचट वर काढलं. अर्धं जळलेलं होतं. त्यांनी ते टाकलं आणि हात धोतराला पुसले.

"थांबा अजून."

"किती बाबा?"

"हुईल तवर."

ते परत बांधावर जाऊन बसले, उसाला टेकून.

करण गिटार गळ्यात घालून उभा होता. गिटार कशालाच जोडलेली नव्हती. तो हळूच म्हणाला, "तात्यांचं आणि ह्यांचं भांडण आहे ना? हे मुद्दाम करतायत."

"तसं नाहीये."

"मग कसं आहे? धुराशिवाय काय दिसतंय इथे? अजून दहा मिनिटांत अंधार आहे, रेश्मा. मग आपण काय दाखवणार, राख?"

रेश्माने सूर्याकडे पाहिलं. तीही मनातून तेच मोजत होती. बाबा डोळे बारीक करून उसाच्या शेंड्यांकडे बघत होते. वारा पडला होता, शेंडे हलत नव्हते. वारा पडलाय म्हणजे धोका कमी, असं तिने स्वतःला सांगितलं. पट्टा पुरेसा आहे असंही सांगितलं. आणि म्हातारा माणूस खरंच अडून बसला असेल तर, हे तिसरं तिने स्वतःला सांगितलं नाही, पण ते तिच्या डोक्यात येऊन बसलं.

रानाच्या पश्चिमेच्या टोकाला तिची वर्गमैत्रीण निकिता पाचटाची चूड हातात धरून उभी होती. रेश्माने तिला फोन लावला.

"लाव," ती म्हणाली.

"बाबा हो म्हणाले?"

रेश्माने बांधाकडे पाठ केली. "लाव म्हणते ना."

*

आधी काहीच झालं नाही. मग रानाच्या टोकाला एक पिवळी रेघ उठली, जाड झाली आणि एकदम उभी राहिली. कोरडं पाचट वरच्या अंगाला होतं, ते सपासप पेटत आलं. जाळाने स्वतःचा वारा स्वतः ओढून घेतला. गोरक्ष स्क्रीनवरून डोळे न काढता म्हणाला, "आई शप्पथ. गाणं लाव."

रेश्माने गाणं सोडलं. बॉक्स छातीत दणका बसेल असा वाजत होता. करणने तोंड उघडलं, रामचे हात दिसेनासे झाले. लहानशा स्क्रीनवर तिघांच्या खांद्यांमागे जाळ आला होता, जाळातून सूर्य लालभडक दिसत होता, आणि गेले सहा महिने तिच्या डोक्यात जे होतं त्यापेक्षा हे चांगलं होतं.

कडवं संपत आलं. शेवटच्या दोन ओळी राहिल्या. तेव्हा करणचे डोळे हलले.

तो लेन्समध्ये बघत होता, त्याची नजर तिथून सुटून वर गेली, कॅमेऱ्याच्या वरून, मागे. ओठ मात्र गाण्याबरोबर चालूच होते. रेश्माला आधी रागच आला. मग तिला कळलं की पश्चिमेकडे पाठ असलेली तीन माणसंच तेवढी उसाकडे बघत होती.

तिने मान वळवली.

बाबांच्या उसातून धूर निघत होता. पेटती पात जाळाबरोबर वर उठून, सगळ्यांच्या डोक्यांवरून, काळ्या पट्ट्यावरून जाऊन उसाच्या वाळल्या पाल्यात पडली होती. बाबा वाढ्यांची, उसाच्या हिरव्या शेंड्यांची, मोळी करून जाळ झोडपत होते. त्यांचं तोंड उघडत-मिटत होतं. ते ओरडत होते, केव्हापासून कोण जाणे. बॉक्सच्या आवाजात एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

बॉक्सची वायर तिच्या पायाशी होती. एकच ओळ राहिली होती.

तिने ती ओळ संपू दिली.

मग वायर ओढली. एकदम शांत झालं. त्या शांततेत राम अजून पिसाटासारखा ड्रम बडवत होता आणि मागून बाबांचा घोगरा आवाज येत होता, "पानी आना रं, पानी आना."

सगळे धावले. पंपवाली पोरं, करण, निकिता रान तुडवत, गोरक्ष कॅमेरा तसाच चालू टाकून. कोणी वाढे ओढले, कोणी शर्ट काढून भिजवला. उसाचं पान चेहऱ्याला कापतं, हात कापतं, ते नंतर कळतं. जाळ आत शिरत होता आणि वारा नव्हता, म्हणून तो शिरत गेला तसा हळूहळू अडलाही. बांधालगतच्या पाच-सहा सऱ्या गेल्या. कांड्या काळ्या होऊन उभ्या राहिल्या आणि रस उकळल्याचा गोड, जळका वास सुटला.

तात्या रिकामे कॅन वाजवत आले तेव्हा जाळ विझला होता. त्यांनी रान पाहिलं, ऊस पाहिला, पुतणीकडे पाहिलं. किती दिवसांनी कोण जाणे, ते बाबांशी थेट बोलले.

"वारं फिरलं आसंल."

बाबा बांधावर बसून हाताला फोड आलेत का बघत होते. तात्यांनी दाखवलेली ही सुटकेची वाट रेश्मासमोर उघडी होती. वाऱ्याला कोणी साक्षीदार नसतो.

"वारा नाही फिरला तात्या," ती म्हणाली. "बाबा हो म्हणाले नव्हते. मीच लावायला सांगितलं."

"तू गप."

"आणि धूर दिसल्यावर मी लगेच बंद नाही केलं. एक ओळ राहिली होती. ती संपू दिली."

करणने मान खाली घातली. बाबांनी पहिल्यांदा वर पाहिलं.

"कोंची वळ?"

रेश्माला कळेना.

"म्हन. म्हनून दाखव."

"बाबा..."

"म्हन की."

ती गाणारी नव्हती. सगळ्यांसमोर, काजळीने भरलेल्या तोंडाने, तिने ती ओळ नुसती बोलून दाखवली. "बरं होऊ द्या आम्हाला, आमच्या आमच्या वेळेने."

बाबांनी ती ओळ मनात मोजल्यासारखी केली. मग काळ्या सऱ्यांकडे बोट दाखवलं. "येवढ्यात ह्या दोन गेल्या."

ते उठले. "उंद्या तोड न्हाई लागली तर वजन जातं. कारखान्याच्या गट ऑफिसात जळीताची खबर द्याया पायजे, आत्ताच. चल. काय झालं ते तूच सांग तिथं."

"ती कशाला?" तात्या म्हणाले. "रान माझं हाय. नाव माझंच लागंल."

"लागू दे की. पर सांगायचं तिनं."

तात्या पुतणीकडे बघत राहिले. ती नाही म्हणेल याची ते वाट बघत होते. रेश्माने त्यांच्याकडे पाहून होकाराची मान हलवली, तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं आणि मोटारसायकल वळवून घराच्या वाटेला लागले.

गोरक्ष मागून आला. "रेश्मा, मी बघितलं आत्ता. ओठ जुळलेत. शेवटपर्यंत जुळलेत."

बाबांनी आपल्या मोटारसायकलला किक मारली. ती त्यांच्या मागे बसली. धरायला काही नव्हतं, म्हणून तिने त्यांच्या सदऱ्याला धरलं. सदरा पाठीवर ओला होता आणि अजून गरम होता.