मुठीचा डबा

"डबा रिकामा आहे, पी बियाकी! तोच घेऊन जा एकदाचा. दर शनिवारी एवढा चढ चढायला नको तुम्हाला."

थुआमीनं आतूनच ओरडून सांगितलं. तिचे दोन्ही हात सासूच्या पाठीखाली गुंतले होते. म्हातारीचं डावं अंग लुळं पडल्यापासून तिला दिवसातून कितीदा तरी कुशीवर वळवावं लागे, नाहीतर पाठीला जखमा होत. वळवून झालं की थुआमी तशीच वाकून उभी राही. सरळ व्हायचंही जिवावर येई.

"आज तरी चहा देशील की दारातूनच वाटेला लावणार, डिकाची आई?" बियाकी आत आलीच. कपाळावरचा पट्टा सोडून तिनं पाठीवरची टोपली खाली ठेवली. चर्चच्या बायकांमधली ही सगळ्यांत थोरली, म्हणून मानाची 'पी', आणि तोंडाळही. नको म्हटलं म्हणून परत जाणाऱ्यातली नव्हे.

डिकाची आई. पोरगा मातीत गेला तरी गावाच्या तोंडातून ते नाव गेलं नव्हतं. प्रत्येक हाकेला थुआमीच्या काळजात चर्र होई.

या डोंगरांत भात शिजवताना बाई आधी मूठभर तांदूळ बाजूच्या डब्यात टाकते, मग पातेल्यात. ती मूठ देवाची; दर शनिवारी चर्चच्या बायका घरोघरी जाऊन ती गोळा करतात. थुआमीला हे तिच्या आईनं शिकवलं, आईला आजीनं. तिच्या घरात कधी कंदमुळांवर दिवस काढले, पण मूठ चुकली नव्हती.

मग डिकाच्या पोटात गाठ निघाली. ऐन उमेदीतला एकुलता एक पोरगा, वाळून काठी झाला. गावानं ढोल वाजवून, रडून, गुडघे टेकून प्रार्थना केल्या. शेवटी शेवटी त्याच्या पोटात पाणी ठरेना. तरी भाताचा वास आला की तो मान वळवून विचारायचा, "आई, झाला का गं भात?" आणि घास तोंडाशी नेला की डोळ्यांतून पाणी काढायचा. तसाच गेला, उपाशी.

रिवाजाप्रमाणे सगळं गाव रात्री तिच्या घरी शोकाची गाणी गायला बसलं. तिनं सगळ्यांना चहा दिला, पण ओठ उघडले नाहीत. मनाशी एकच गाठ मारली होती. जो माझ्या पोराला उपाशी नेतो, त्याच्या डब्यात माझ्या घरचा दाणा पडणार नाही. रविवारी चर्च चुकवायला सासूचं निमित्त सांगायची आणि शनिवारी बायकांना दारातूनच फिरवायची. आज डबाच परत करून टाकायचा, की सुंठीवाचून खोकला गेला.

बियाकीनं तांदळाच्या पोत्याशेजारचा डबा उचलला आणि लगेच खाली टेकवला.

"रिकामा म्हणतेस? अगं, माझा खांदा निखळला असता!"

तिनं डबा चुलीच्या उजेडात ओढला. गळ्यापर्यंत तांदूळ होता.

थुआमी बघतच राहिली. मग तिचं डोकंच फिरलं. "तुम्हीच आणून ओतलात. माझी कीव करायला! सगळ्या गावाला तेवढंच काम राहिलंय."

"मी? ही बघ माझी टोपली, साफ रिकामी. तुझ्याच घरापासून सुरुवात केलीय. आणि ओतायचाच असता, तर माझ्या घरात खाणारी तोंडं काय कमी आहेत?"

"मग कोणी टाकला?"

"तिच्यावर कशाला खेकसतेस?" सासू अंथरुणातून म्हणाली. तिचे शब्द अर्ध्या तोंडातून घरंगळत येत. "तूच टाकतेस."

"मी नाही टाकत, आई. मी शपथ घेतलीय."

"शपथ तोंडानं घेतलीस ना? हाताला कुठं सांगितलंस?" म्हातारीनं दम घेतला. "तू तांदूळ अजून तिघांचा घेतेस, तुझा, माझा आणि डिकाचा. घेतेस आणि थबकतेस. मग डिकाचा वाटा परत काढतेस."

"काढते. पोत्यात टाकते."

"पोत्यात म्हणे! पोतं उजवीकडं. तुझा हात जातो डावीकडं. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. मला पडल्या पडल्या दुसरं काय आहे बघायला इथं?"

चुलीत लाकूड फुटलं. थुआमी आपल्या उजव्या हाताकडं बघत होती. दुसऱ्याच कुणाचा असावा तसा तो तिला दिसला.

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर हात आखडला असतास."

थुआमीनं डबा दोन्ही हातांनी उचलला आणि पोत्याच्या तोंडावर तिरका धरला. "माझा तांदूळ आहे हा."

"तुझाच आहे," बियाकी म्हणाली. "ओत."

चार दाणे पोत्यात पडले. पुढं ओतवेना. डिकानं न खाल्लेला एकेक घास तिथं साठला होता. तो आता पोत्यात मिसळून आपणच शिजवून खायचा? तिनं डबा जमिनीवर ठेवला, त्याच्याशेजारी बसली आणि पोराला पुरल्यापासून जे रडली नव्हती ते रडली. बियाकीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. दर घरी तांदूळ घेताना बियाकी मोठ्यानं प्रार्थना करी. आज ती नुसता पाठीवरून हात फिरवत राहिली.

"न्या," शेवटी थुआमी म्हणाली.

बियाकीनं तांदूळ टोपलीतल्या पिशवीत ओतला. डबा मात्र नेला नाही. होता तिथंच, पोत्याच्या डाव्या अंगाला ठेवून गेली.

दिवस मावळायच्या आत थुआमीनं सासूला पुन्हा वळवलं, पुसलं, कोरडं नेसवलं. कंबर तशीच भरून आली. बाहेर दरीतून धुकं चढत होतं. ती तांदूळ घ्यायला बसली. तिघांचा घेतला, थबकली. डिकाचा वाटा मुठीत काढला आणि मूठ हवेतच राहिली. इतके दिवस हाताला वाट ठाऊक होती. आता तिलाही ठाऊक झाली होती, आणि म्हणून हात पुढं जाईना.

अंथरुणातून म्हातारी बघत होती. मग तिनं मान वळवून भिंतीकडं तोंड केलं.

थुआमीनं मूठ डब्यावर नेली आणि उघडली. रिकाम्या तळावर दाणे खुळखुळले.

"घे," ती म्हणाली. इतक्या महिन्यांत ती देवाशी पहिल्यांदा बोलत होती. आवाजातला राग तसाच होता. "पण त्याला जेवायला घाल. पोटभर घाल."

भिंतीकडून अर्ध्या तोंडानं सासू आमेन म्हणाली. थुआमीनं डोळे पुसले आणि पातेलं चुलीवर चढवलं.