खालच्या नळीचा बाण

तळं एकदा आटलं की दोनदा, हा प्रश्न होता. मी दोनदा म्हणत होते. शुक्रवारी भरसभेत ते मांडायचं होतं, आणि ते पटलं तर पुढच्या मोहिमेची सूत्रं माझ्या हाती येणार होती. तोवर आमच्या खात्यात बाईमाणसाला तराफ्यावर चढू देत, पण तराफा कुठे न्यायचा ते ठरवू देत नसत. अपवाद आमच्या बाईंचा. त्या खात्याच्या प्रमुख. गळ्यात कायम भिंग, म्हणून मागे सगळे त्यांना भिंगबाई म्हणत.

तळ्याच्या बुडात नळ्या ठोकून आम्ही गाळ काढला होता. एकाच भोकात एकीखाली एक नळी ठोकली तर सांध्याजवळचा गाळ वाया जातो, म्हणून शेजारी दुसरं भोक घ्यायचं आणि तिथली नळी अर्ध्या लांबीने खालून सुरू करायची. पहिल्या भोकाच्या वेळी नळीवर खुणेचा बाण मी काढला. मग वाऱ्याने माझी बोटं आखडली, तेव्हा खडू यांनी घेतला. हे म्हणजे माझे यजमान. आमचं लग्न नवं होतं आणि खातं एकच.

प्रयोगशाळेत नळ्या उभ्या चिरून टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या, दुसरी अर्धी खाली सरकवून. पहिलीत निम्म्याच्या जरा खाली मिठाचा पांढरा पट्टा होता. पाणी आटल्याशिवाय असं मीठ साचत नाही. दुसरीत त्याच्याही बराच खाली आणखी एक. वरचा पट्टा दुसऱ्या नळीत का नाही, याचं उत्तर मी मनाशी ठरवून टाकलं होतं: ठोकताना दुसरीच्या वरच्या टोकाचा गाळ कालवला गेला असणार. लाडक्या कल्पनेचे असे लाड होतातच.

सभेच्या आदल्या दुपारी चित्रं काढायला बसले. गाळ वाळला की त्याला भेगा पडतात, वर रुंद, खाली निमुळत्या, आणि त्यांत वाळू भरते. पहिल्या नळीत पट्ट्याखाली तशाच होत्या. दुसरीत त्या पट्ट्याच्या वर होत्या आणि टोकं आभाळाकडे. खालून वर वाळणारा चिखल मी तरी पाहिलेला नव्हता.

हे शेजारच्या खोलीत वाळू चाळत होते. तिथे जाऊन विचारलं, "अहो, तुमचा बाण कुठे दाखवतो?"

"कुठे म्हणजे? नळी ठोकली तिकडे. खाली."

"आमच्यात बाण वर दाखवतो."

हे आधी विहिरी खोदणाऱ्यांकडे नोकरीला होते. तिथली रीत तशीच. चाळणी खाली ठेवून म्हणाले, "संसार मांडताना कपडे कोण धुणार, भाजी कोण आणणार, सगळं ठरवलं. बाणाचं तेवढं राहून गेलं."

मला हसू आलं. परत येऊन नळी सुलटी केली. खालचा पट्टा वर सरकला आणि पहिलीतल्या पट्ट्याशेजारी जाऊन बसला. दोन नव्हतेच. एकच पट्टा दोन भोकांत सापडला होता. हे म्हणाले, सभा पुढे ढकल, बरं नाही म्हणून कळव. मी म्हटलं, मला चांगलं ठणठणीत बरं आहे.

शुक्रवारी दोन्ही नळ्याच सभेत नेल्या. आधी चुकीची मांडणी दाखवली, मग सगळ्यांदेखत खालची नळी फिरवली. मागच्या रांगेतून एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी टोमणा मारला, की कळवलेल्या विषयात तळं दोनदा आटलं होतं, आठवड्यात एकदा भरलं वाटतं. सभा हसली. मीही हसले आणि भेगांकडे बोट केलं. भिंगबाई उठून टेबलाशी आल्या, भिंग लावून दोन्ही नळ्यांवर बराच वेळ वाकून राहिल्या.

"एकदाच आटलं, हे पक्कं. कशाने?"

"माहीत नाही, बाई. पाऊस हटला असेल, नाहीतर तळ्याला मिळणारी वरची नदी वळली असेल. नदीच्या जुन्या पात्रात नळ्या ठोकल्या तर कळेल."

"मग ठोक. माणसं तूच निवड."

मी पहिलं नाव यांचंच घातलं. फक्त खडू माझ्याकडे ठेवला आणि प्रत्येक बाणाशेजारी 'वर' असं ठळक लिहीत गेले. नदी वळलीच होती. का वळली, यावर माझ्या विद्यार्थिनी अजून भांडतात, आणि त्याही बाणाशेजारी 'वर' लिहितात.