एका दिवसाआडचा उपास

“पीठ सरलं तरी लेकरांना कळू द्यायचं न्हाई, केसर. आज माजा उपास हाय, म्हणायचं.”

आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. पण मोशीत लेकीच्या चुलीपाशी बसलेल्या केसरबाईंना तिचा आवाज अगदी कानाशी आला. कारण समोर कस्तुराने भाकरी वाढलेलं ताट मागे सारलं आणि तेच म्हणाली, “आज माजा उपास हाय.”

“बुधवारी कसला गं उपास? अंगावर पाजतीस तू.”

“हाय एक.”

पाळण्यात तान्ही किरकिरत होती. कस्तुराने तिला पदराखाली घेतलं. पोर क्षणभर ओढायची, की तोंड सोडून रडायची. दूध आटत चाललं होतं. जावई हिंदुराव ज्या कारखान्यात होते, त्याला टाळं लागलं होतं. पण घरात खाण्याची ददात नव्हती. रानातली बाजरी होती, आणि पिंपरीहून येताना केसरबाईंनी डिंकाचे लाडू आणले होते. डब्याचं झाकणही कुणी काढलं नव्हतं.

“सासूनं सांगितला का?”

“त्या बिचाऱ्या ‘खा, खा’ करून दमल्या.” कस्तुरा हसली. “तुजाच हाय की ह्यो. दादांची कंपनी बंद पडलीवती तवा तू धरायचीस, एका दिवसाआड. आन् उघडली का न्हाई कंपनी?”

“कुठल्या देवाचा, ठावं हाय का?”

“तू कधी बोललीस? मी आपली बघायची. सकाळी चुलीपुढं बसून पोटाशी हात जोडून वाकायचीस. मीबी तसंच करते.”

पोरीला सतरंजीवर ठेवून तिने करूनही दाखवलं. दोन्ही हात पोटाशी, डोळे मिटलेले, कपाळ गुडघ्यांकडे.

केसरबाईंनी मान वळवली. ते वाकणं नमस्काराचं नव्हतंच. नवऱ्याची कंपनी बंद होती तेव्हा भुकेची कळ आली की त्या पोट दाबून धरत, आणि लहानगी कस्तुरा दारात उभी राहून बघत असे. देवाचं नावसुद्धा तेव्हा त्यांच्या मनात नसायचं. सोमवार, चतुर्थी कधी न मोडलेल्या बाईने देवाच्या नावावर एवढं खोटं खपवलं होतं. आणि लेकीने ते खरं मानून उचललं होतं.

सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. पण खरं सांगितलं असतं, तर तेव्हा पोटभर खाल्लेली एकेक भाकरी आज कस्तुराच्या घशात अडकली असती.

“बाळंतिणीचा उपास तिच्या आईनं उचलला तर चालतंय,” त्या हळूच म्हणाल्या. “आजपास्नं त्यो माजा. कंपनी उघडंस्तवर मी धरीन. तू जेव.”

“तुजं वय काय, आई? मधीच चुकलीस म्हंजी?”

“न्हाई चुकायची.” त्यांनी तान्हीच्या टाळूवर हात ठेवला. “शब्द देते तुला.”

कस्तुराने ताट पुढे ओढलं. आधी जरा लाजत, मग भराभर खाऊ लागली. केसरबाईंनी तिच्या भाकरीवर तूप सोडलं, लाडवांचा डबा उघडून जवळ सरकवला आणि स्वतःसाठी मांडलेली थाळी पालथी घातली. मग तांब्या घेऊन उठल्या.

“आता कुठं निघालीस?”

“नदीवर. संकल्प करून येते.”

कुठल्या देवाचं नाव घ्यावं, हे अजून ठरत नव्हतं. तरी चपला दारातच ठेवून त्या अनवाणी इंद्रायणीच्या वाटेला लागल्या.