झाकून ठेवलेली थाळी

अशी कल्पना करा, की तुमच्या हातात कैरीची फोड आहे. फोडीला खारवलेल्या जवळ्याचा गुलाबी लगदा लावलाय, आणि वासानंच तोंडाला पाणी सुटलंय. तरी तुम्ही ती खात नाही, कारण समोर दुपारची बोट धक्क्याला लागते आहे आणि तुम्हाला उतरणारा एकेक माणूस बघायचा आहे. आता तुम्ही जिथं उभे आहात, तिथंच नऊ वर्षांची तार्सिला उभी होती.

टोपल्या उतरल्या. पाय बांधलेला कोंबडा उतरला. नवे कपडे सांभाळत बायका उतरल्या. गावच्या संताचा सण होता. सकाळीच मूर्तीला फुलांनी मढवलेल्या होडीतून खाडीभर फिरवून आणलं होतं, आणि आता सगळी पोरं उथळ पाण्यात डुंबत होती. शेवटी एक खलाशी तेवढा फळीवर उभा राहिला. लाल टोपी घालणारे तिचे बाबा उतरलेच नाहीत.

"तार्सिला, ती कैरी पिकेपर्यंत धरून ठेवणार आहेस का?" शेजारच्या मानांग सेलिंगनं पाण्याचा हंडा कमरेवर घेत विचारलं. "खा, नाहीतर दे इकडं."

"खाते ना," तार्सिला म्हणाली, आणि फोड तशीच हातात धरून घरी आली.

सणाच्या दिवशी त्या किनाऱ्यावर कुठल्याच घराचं दार लावत नाहीत. येईल त्यानं आत यायचं, जेवायचं. कुणाचा कोण हे कुणी विचारत नाही. त्यांच्या घरातही सकाळपासून माणसांची ये-जा चालू होती. भाजलेल्या डुकराचं आता डोकंच उरलं होतं. तिचे आजोबा, लोलो बादो, माशाच्या तुकड्यांवर माडाचा शिरका ओतत होते. टेबलाच्या टोकाला केळीच्या पानानं झाकलेली एक थाळी होती. तिच्यात माडाच्या पात्यांच्या पुडीत शिजवलेला भात होता आणि कुरकुरीत कातडीचा सगळ्यात मोठा तुकडा. तार्सिलानं तो सकाळीच बाजूला काढला होता.

लोलोंनी तिच्यामागच्या रिकाम्या वाटेकडे पाहिलं आणि आल्याचे तुकडे करायला घेतले.

"आणखी एक बोट असेल," ती म्हणाली.

"नाही, इंदाय," लोलो लाडाच्या हाकेनं म्हणाले. "हीच थोड्या वेळानं परत जाते."

तार्सिलानं कैरीची फोड आपल्या थाळीत ठेवली आणि बाकावर बसली. बराच वेळ ती बोटानं थाळीच्या कडेचा टवका चाचपत राहिली.

"लोलो, बाबा माझ्यामुळं येत नाहीत."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मागच्या सणाला जेवता जेवता बोटीचा भोंगा झाला आणि ते उठले. तुम्ही सगळ्यांनी थाळ्या फिरवल्या. मी नाही फिरवली."

त्या गावात जेवताना कुणी मध्येच उठून प्रवासाला निघालं, तर मागं बसलेल्यांनी आपापली थाळी फिरवायची असते. मग जाणारा सुखरूप पोचतो. तार्सिलाच्या बापानं दुसऱ्या दिवशी तिला वाळूच्या बेटावर न्यायचं कबूल केलं होतं, आणि तो आदल्याच दिवशी निघाला होता. म्हणून ती रुसून आंब्याखाली जाऊन बसली होती, आणि थाळी टेबलावरच राहिली होती.

लोलोंनी सुरी खाली ठेवली.

"तुझी थाळी मी फिरवली होती."

"खरंच?"

"काठावर कोळंबीची सालं ओळीनं मांडून ठेवली होतीस. फिरवताना सगळी माझ्या पायावर पडली. मुंग्या झाल्या होत्या."

सालं तिनं मांडली होती. ते तिला आठवत होतं, आणि दुसऱ्या कुणाला ठाऊक असणं शक्य नव्हतं.

"मग बाबा पोचले."

"पोचला."

"नीट?"

"नीट पोचला, इंदाय."

वर्षभर तार्सिलाच्या पोटात एक खडा होता. तो आता निघाला होता. पण त्या जागी काय ठेवायचं ते तिला कळेना. नाताळात बाबा फोनवर बोलत असताना मागं एक लहान मूल रडत होतं. शेजारचं आहे, असं ते म्हणाले होते. ते फार जवळून रडत होतं.

तिनं लोलोंकडे पाहिलं. ते शिरक्यात बोट बुडवून चव बघत होते. तिनं पुढचं काही विचारलं नाही.

दारात मघाचा खलाशी उभा होता. सदरा खाऱ्या पाण्यानं कडक झालेला. "आत येऊ का? सकाळपासून पोटात काही नाही."

"सणाच्या दिवशी विचारतोय," मदतीला आलेली मानांग सेलिंग भांडी घासता घासता म्हणाली. "परका दिसतो."

"परकाच आहे, मानांग. बोटीवरच असतो."

"मग बस. पण उशीर केलास. आता डुकराचे कान नि दात आहेत, काय घेतोस?"

सगळे हसले. खलाशीही हसला, आणि काय करावं न सुचून उभाच राहिला. टेबलावरच्या थाळ्या सगळ्या उष्ट्या होत्या.

तार्सिला उठली. झाकलेली थाळी तिनं दोन्ही हातांनी उचलली, त्याच्यासमोर ठेवली आणि वरचं पान काढलं. सेलिंगचा हात थांबला. लोलोंनी माशाच्या तुकड्यांची वाटी हळूच त्या थाळीकडे सरकवली.

"एवढा मोठा तुकडा?" खलाशी म्हणाला. "कुणासाठी ठेवला असेल."

"जेवा तुम्ही. गार झालाय."

तो भराभर जेवू लागला. कुरकुरीत कातडी दाताखाली मोडल्याचा आवाज होत होता. अर्धा भात संपला असेल, तेवढ्यात धक्क्यावरून भोंगा झाला. खलाशी घास तोंडात असतानाच उठला, सदऱ्याला हात पुसले, तिच्याकडे बघून मान लववली आणि पळत सुटला.

बाकीचे पाहुणे गप्पांत होते. कुणाचं लक्ष नव्हतं.

तार्सिलानं आपली थाळी दोन्ही हातांनी धरली आणि हळूहळू पूर्ण फिरवली. मग थाळीतली कैरीची फोड उचलून खाल्ली.