निळ्या एप्रनची खूण

“काक, हलू नका हं!” डॉक्टर स्वात लिन कुजबुजली.

हलतेय कशाला? एकवीस वर्षं या प्रयोगशाळेत, उंदरांच्या हौदाशेजारी याच जागी, हाच निळा एप्रन घालून उभी आहे. सगळे मला काक म्हणतात, म्हणजे ताई. रोकिया हे नाव हजेरीपटापुरतं. गढूळ पाण्यात सोडलेला उंदीर भिंतीवरची चित्रं बघतो, मला बघतो आणि त्यावरून पाण्याखाली लपवलेला चौथरा शोधतो. मी हलले की त्याची खूण हलली, प्रयोग वाया.

आजच्या उंदराला चौथरा कालच शिकवला होता. मग औषधाची सुई टोचली. मेंदूतल्या पेशी ज्या रेणूंमुळे एकमेकींना चिकटून राहतात, ते रेणू या औषधानं अडतात. मग नवी आठवण पक्की होत नाही. बिचारा कडेकडेनं गोल गोल पोहत राहिला.

“पार विसरला!” स्वात लिन खुशीत म्हणाली. “औषध लागू पडलं, काक.”

“आमच्या घरी हे सुईशिवाय जमतं,” मी म्हणाले. तिनं उंदीर पाण्यातून बाहेर काढला.

मन्सूर, माझा नवरा, हल्ली वाटा विसरतो. तीस वर्षं त्यानं पिनांगच्या फेरीबोटीवर दोर बांधले. गेल्या आठवड्यात मशिदीतून घरी निघाला तो धक्क्यावर सापडला. मुलगा फोनवर तडकला, “आई, आता बाबा एकदा जरी वाट चुकले ना, तर दाराला बाहेरून कुलूप! सांगून ठेवतो.” कोंडला तर हा माणूस महिनाभरही टिकायचा नाही. म्हणून मी उंदरांचीच युक्ती केली. रोज साडेपाचला, तो मशिदीतून परततो तेव्हा, आमच्या जिन्याशी, पपईच्या झाडाजवळ, निळा एप्रन घालून उभी राहते. हाक मारायची नाही, हलायचं नाही.

आज तो पहिल्या इमारतीशी थबकला. दुसरीत शिरला, परत फिरला. माझ्या छातीत धडधडलं नाही. हल्ली धडधडतच नाही. मग त्याला निळं दिसलं. तो सरळ माझ्याकडे आला आणि खिशातून किल्ली काढली.

“चला, पोहोचलो एकदाचा!” मग अदबीनं म्हणाला, “काक, तुम्ही रोज इथंच उभ्या दिसता. घरी न्यायला कोणी येत नाही का तुम्हाला?”

“येतो,” मी म्हणाले. “येईल आता.”

“बरं, बरं.” तो कठडा धरून जिना चढला. तिसऱ्या मजल्यावर किल्ली फिरली. कुलूप टळलं, मुलाला कळवायला हवं होतं.

मी जागची हलले नाही.