सात जणांचा बोर्ड

सकाळपासून रेणुकाबाईनं तीनदा चहा उतू घालवला. मायाप्पा उंबऱ्यात बसून बुटाला पॉलिश करायलेला. सतरा वर्षं मिलिट्रीत काढून उन्हाळ्यात कायमचा घरी आलेला माणूस. आज पंधरा ऑगस्ट. कोहिनूर गावच्या शाळेच्या मैदानात त्याचा सत्कार होता.

"आवो," ती म्हणाली, "अंग गरम वाटायलंय का तुमचं?"

"न्हाई की. कामून?"

"काही न्हाई."

ताप असता तर जाणं तरी टळलं असतं. खरं सांगावं तर कसं सांगावं? लग्नानंतर दोनच वर्षांनी नळावर शेजारच्या जगदेवीनं हसत हसत विचारलं होतं, "धनगराचा गडी मिलिट्रीत जाऊन करायलाय तरी काय? तिथं बी जनावरंच हाकत असंल की!"

ते खरंच होतं, म्हणून तर काट्यासारखं रुतलं. मायाप्पा खेचरांच्या तुकडीत होता. बर्फाच्या डोंगरात जिथं गाडी जात न्हाई, तिथं खेचरांच्या पाठीवर जवानांचं रॉकेल, पीठ, औषध चढवायचं. पण रेणुकाबाईच्या तोंडून निघून गेलं, "बंदूक हाय हातात! चौघांना लोळवलंय त्यांनी."

नळावरचे चौघं पिठाच्या गिरणीपर्यंत पाच झाले. जत्रेपर्यंत सहा. रात्र रात्र तिला झोप लागत नसे, मग पहाटे दळण निवडताना ती आपल्याशीच गुणगुणायची,

दूरच्या मुलखात गं, वारा सुटतो बोचरा
माझ्या गं मालकाला, कुणी घोंगडी पांघरा

दोघं मैदानाशी आले आणि ती थबकली. फाटकावर हा एवढा मोठा बोर्ड. मायाप्पाचा फोटो, आणि खाली लाल अक्षरात : सात शत्रूंना कंठस्नान घालणारे वीर जवान.

मायाप्पानं बोर्ड वाचला. पुन्हा वाचला. बायकोकडं मात्र बघितलं न्हाई.

गिरिधर मास्तरांनी शाल घडी घालून तयार ठेवली होती. हुलसूरहून आणलेली, जरीच्या काठाची. माईक हातात देत ते म्हणाले, "मायाप्पा, त्या सात जणांचं सांगा. पोरं कवाधरनं वाट बघायलीत."

मायाप्पा उभा राहिला. बायकांच्या रांगेत रेणुकाबाईनं पदराचं टोक दातात धरलं. हा खोटं बोलणार न्हाई, तिला ठाऊक होतं. खरं बोलला तर गाव हसणार. आणि गप राहिला तर? मागं कुणीतरी खोकलं. कुणीतरी फिसकन हसलं.

तिला कळायच्या आत ती उठली होती.

"मास्तर, ते सात जण माझे हायत," ती म्हणाली. "मीच सांगितलंय. यांनी कवाच कुणाला मारलं न्हाई. खेचरं हाकायचे हे. मला लाज वाटली म्हणून खोटं बोलले मी."

जगदेवी तोंडावर हात धरून बसली. मास्तरांनी शाल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, कुठं ठेवावी त्यांना कळेना.

म्हातारा सिद्धप्पा ढोल मांडीशी घेऊन पुढं बसला होता. सगळी हयात मेंढरांमागं गेलेला माणूस. त्यानं मान वर केली.

"मायाप्पा, बर्फात जनावर अडतं का रं?"

"अडतंय की, अप्पा." त्याचा आवाज पहिल्यांदा निघाला. "खाली दरी असती. जनावराला कळतंय. हलत न्हाई."

"मग? मारायचं?"

"मारलं तर दोघं बी दरीत जातेत. आपण म्होरं व्हायचं. आपला पाय टाकून बघायचा. आपला पाय टिकला की मग ते टाकतंय."

"आन् न्हाई टिकला तर?"

"आमच्या तुकडीतला शिवशरण तसाच गेला. हुमनाबादकडचा होता. त्याच्या खेचरावर वरच्या चौकीतल्या पोरांचं पीठ होतं. दुसऱ्या दिवशी ते पीठ मी वर नेलं."

सिद्धप्पा गुडघ्यावर हात देऊन उठला. स्वतःच्या खांद्यावरची काळी घोंगडी काढली. मेंढरांचा वास होता तिला, कडा झिजलेल्या. ती त्यानं मायाप्पाला पांघरली, आणि ढोलावर थाप टाकली. मास्तरांच्या हातातली शाल तशीच राहिली.

टाळ्या वाजल्या, किती वाजल्या, रेणुकाबाईला ऐकू आलं न्हाई. तो अजून तिच्याकडं बघत नव्हता.

घरी येताना ओढ्यावर चिखल झालेला. तो पुढं, ती चार पावलं मागं. आता घरी गेल्यावर काय म्हणंल? म्हणंल तरी का काही? पाण्यातल्या दगडावर त्यानं पाय टाकला, जोर देऊन बघितला. दगड हलला. दुसऱ्यावर टाकला. तो टिकला.

मग तो मागं वळला आणि तिथंच उभा राहिला.

"ये," म्हणाला. "ह्याच्यावर पाय टाक."