‘गुड’चा सतरावा अर्थ

सासऱ्यांच्या इंग्रजी-मराठी कोशासाठी दोघी सुना अर्थ गोळा करायच्या. कार्डाच्या पुढे अर्थ, मागे घरात खरोखर घडलेल्या गोष्टीचं वाक्य आणि खाली शोधणारीची सही, असा सासऱ्यांचा नियम होता.

‘गुड’ शब्दाला दोघींचे आठ-आठ अर्थ झाले. तेवढ्यात धाकटीने नववं कार्ड लिहिलं, ‘मायाळू’, आणि वाक्य नि सही नंतरसाठी ठेवून ती चहा टाकायला गेली.

“काल आलेली, आणि माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटते!” असं पुटपुटत थोरलीने ते कार्ड आपल्या गठ्ठ्यात सरकवलं.

सासऱ्यांनी ते नेमकं उचललं. “वाक्य कुठाय, सूनबाई? मायाळू कोण वागलं?”

थोरलीने सगळं घर आठवून पाहिलं. नवऱ्याच्या नावाला तर हसूच आलं. तिचा हात मोडला तेव्हा महिनाभर तिची वेणी धाकटीने घातली होती, एवढंच पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. शेवटी जळफळत तिने तेच लिहिलं.

“आणि सही?”

पेन जरा अडलं. मग तिने धाकटीचं नाव घातलं आणि स्वयंपाकघराकडे ओरडली, “नऊ झाले गं तुझे! आता चहात साखर तरी नीट घाल!”